भाषणाला पांढरा उजेड, पोरांच्या नाचाला निळा अंधार

मंडळी, गॅदरिंगचे दिवस आलेत. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून प्रजासत्ताक दिनापर्यंत आपल्या मेहकर तालुक्यात रोज कुठे ना कुठे मांडव असतो. आज शहरात, उद्या डोणगावला, परवा जानेफळला, तेरवा देऊळगाव माळीला. तालुक्याचा वार्ताहर म्हणून कधी कधी एका संध्याकाळी दोन-दोन निमंत्रणं असतात. वीसेक वर्षं हे करतोय. गळ्यात कॅमेरा, खिशात वही, अंगात स्वेटर आणि स्टेजसमोर खाली बसायला एक जुना पेपर.

आज लिहितोय ते वरवर फोटोग्राफीचं वाटेल. पण शेवटपर्यंत वाचा. हा विषय कॅमेऱ्याएवढाच आपल्या सवयीचा आहे. आणि सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. तालुक्यातल्या एका शाळेचं स्नेहसंमेलन होतं. शाळेचं नाव सांगत नाही, कारण चूक तिची एकटीची नव्हती. कार्यक्रम सातचा, पाहुणे पावणेनऊला आले. दीपप्रज्वलन, सत्कार, भाषणं यात दीड तास गेला. मग पोरांचे कार्यक्रम सुरू झाले. मी अर्धा तास थांबलो, दहा-बारा फोटो मारले आणि बातमी पाठवायला घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बसस्टँडजवळ चहा पीत होतो. एक गृहस्थ सायकल टेकवून जवळ आले.

"रामराम भाऊ. तुमी काल शाळेत फोटो काढत होते ना? माह्या पोरीचा एखांदा असंन तं पाहा ना जी. पाचवीत हाये. नाटकात माय झालती."

"पाहतो की. तुम्ही नव्हते का काल?"

"मी होतो. पण तिची माय बुलडाण्याले दवाखान्यात हाये, आज्जीजवळ. तिनं पाह्यलंच नाही. तिले दाखवतो."

कॅमेरा पिशवीतच होता. काढला आणि मागच्या पडद्यावर एकेक फोटो दाखवायला लागलो. एकूण त्रेसष्ट फोटो. त्यातले एकावन्न पाहुण्यांचे. समई लावताना, हार घालताना, शाल देताना, माईकवर बोलताना. एकेक फोटो लख्ख. शालीची जर मोजून घ्यावी इतका स्वच्छ.

मग पोरांचे फोटो आले. पहिला निळा. दुसरा निळा-जांभळा, हात कुठला आणि ओढणी कुठली ते कळत नाही. तिसऱ्यात नुसता धूर. नाटकाचे चार होते. तीन हललेले. चौथा स्थिर होता, पण मागून दिव्यांचा झोत आणि पुढे काळ्या आकृत्या. नाक नाही, डोळे नाहीत.

ते गृहस्थ बराच वेळ त्या चौथ्या फोटोकडे पाहत राहिले. मग बोट ठेवून म्हणाले, "हेच हाये पोरगी."

मी विचारलं, कशावरून?

"हे साडी तिच्या मायची हाये. लग्नातली."

काठावर मागून उजेड पडला होता, म्हणून साडीचा काठ तेवढा चमकत होता. बापाने पोरगी चेहऱ्यावरून ओळखली नाही, बायकोच्या साडीवरून ओळखली. तोच फोटो मी त्यांच्या भाच्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला. त्यांनी मला चहाचे पैसे देऊ दिले नाहीत. पुढच्या वर्षी त्याच शाळेत गेलो तेव्हा मुद्दाम त्या मुलीची चौकशी केली. ती मामाच्या गावी शिकायला गेली होती. हुकलं ते हुकलंच.

मी स्वतःला विचारलं, एकाच रात्री, एकाच स्टेजवर, एकाच कॅमेऱ्याने काढलेले पाहुण्यांचे एकावन्न फोटो लख्ख आणि पोरांचे बाराही बाद, असं का? माझा हात एका तासात बिघडला का?

उत्तर साधं होतं. पाहुणे स्टेजवर होते तेव्हा समोरचे सगळे पांढरे हॅलोजन चालू होते. पोरं स्टेजवर आली आणि ते बंद केले.

तुम्ही आठवून पाहा. तुमच्या मुलाच्या शाळेचं गॅदरिंग, गणपतीतले कार्यक्रम, नवरात्रातली नृत्यस्पर्धा. निवेदक म्हणतो, "आता ज्या क्षणाची आपण सर्वजण आतुरतेने वाट पाहत होतो…" आणि फटकन उजेड जातो. मग मागून शार्पी फिरायला लागतात, वरून एलईडी पार रंग बदलायला लागतात, बाजूने धुराचं मशीन फुसफुसतं, एखाद्या ठिकाणी हिरवं लेझर. पब्लिक ओरडतं. आणि ज्या पोराने महिनाभर तालीम केली, ज्याच्या आईने मेकअपसाठी शेजारणीकडून लिपस्टिक आणली, त्याचा चेहरा त्या क्षणापासून दिसेनासा होतो.

म्हणजे आपण भाषणाला उजेड देतो आणि पोरांना अंधार. हे कुणी ठरवून करत नाही. पण दर वर्षी, गावोगावी, असंच होतं.

आता कुणी म्हणेल, डोळ्यांना तर दिसतं की! बरोबर आहे, बऱ्यापैकी दिसतं. डोळा अंधाराला सरावतो, मेंदू मागचापुढचा अंदाज बांधतो, हलणाऱ्या मुलाला आपण चालीवरून ओळखतो. कॅमेऱ्याला हे जमत नाही. त्याला मिळतो सेकंदाचा एक छोटासा तुकडा आणि त्या तुकड्यात जेवढा प्रकाश येईल तेवढाच.

निळ्या उजेडाचंच घ्या. डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरवर जे बारीक ठिपके असतात त्यांच्यावर रंगांच्या गाळण्या असतात. साधारणपणे चारातले दोन हिरव्यासाठी, एक लालसाठी, एक निळ्यासाठी. स्टेजवर निव्वळ निळा एलईडी असेल तर चारातल्या एकाच ठिपक्याला धड माहिती मिळते, बाकीचे जवळपास उपाशी. त्या एकाचंही पोट फुटेस्तोवर भरतं, म्हणून गाल, कपाळ, नाक सगळं एक निळं भगदाड होतं. नंतर कॉम्प्युटरवर कितीही रंग फिरवा, जे टिपलंच गेलं नाही ते आणणार कुठून? अशा फोटोची थोडीफार अब्रू वाचवायची तर त्याला कृष्णधवल करणं एवढाच उपाय उरतो.

दुसरी भानगड मागच्या दिव्यांची. कॅमेरा आपोआप उजेड मोजतो तो साऱ्या चौकटीचा अंदाज घेऊन. मागून शार्पी थेट लेन्सवर आला की त्याला वाटतं, फार उजेड आहे, आणि तो फोटो काळा करतो. उलट मागे काळा पडदा आणि पुढे एकच पोरगं झोतात असेल तर त्याला वाटतं, फार अंधार आहे, आणि तो चेहरा पांढराफटक करतो.

तिसरं, मुलं हलतात. नाचणाऱ्या मुलाचा हात स्पष्ट हवा तर शटर सेकंदाच्या अडीचशेव्या भागाइतकं, जमलं तर पाचशेव्या भागाइतकं लहान लागतं. तेवढ्या वेळात पुरेसा प्रकाश यायला मुळात स्टेजवर तो असावा लागतो. नसेल तर कॅमेरा शटर उघडं धरून ठेवतो आणि आपल्या हाती हललेला धुरळा येतो. आयएसओ वाढवा म्हणतात. वाढवतो ना! ३२०० केला, ६४०० केला. पण मग चेहऱ्यावर ज्वारीच्या पिठासारखे कण दिसतात.

पत्रकारितेचा डिप्लोमा करताना आमच्या हातात रोलचा कॅमेरा होता. छत्तीस फोटो, संपले की संपले. सर सांगायचे, बटण दाबायच्या आधी उजेड कुठून येतोय ते बघ. मी ते परीक्षेपुरतं पाठ केलं. खरा अर्थ त्या चहाच्या टपरीवर कळला.

त्यानंतर मी एका लाइटिंगवाल्या पोराशी बोललो. आपल्याच भागातला, मेहनती, कर्ज काढून सामान घेतलेला. त्याला म्हटलं, "गड्या, पोरं नाचायला लागली की पुढचे पांढरे काहून बंद करतो?"

तो म्हणाला, "सर, पांढरे चालू ठेवले तं माही लाइटिंग दिसतच नाही ना! शाळावाले म्हणतात, पैसे कायचे घेतले? त्यांना दणका पाहिजे."

त्याचं चुकलं नाही. त्याच्या बिलावर असतं ते असं: शार्पी चार, पार आठ, स्मोक एक, लेझर एक. "मुलांच्या चेहऱ्यावर समोरून उजेड" अशी ओळ कुणाच्याच बिलावर नसते. आपण जे मागितलं नाही ते तो का देईल? आणि समोर दिवे टांगायला खांबच नसतो. मांडवाचा सगळा सांगाडा मागे आणि वर. म्हणून सगळा उजेड मागून आणि वरून. डोळ्यांच्या खोबणीत सावली, नाकाखाली सावली, पोरं भुतासारखी दिसतात.

आपल्याकडे असं नव्हतं हो. गोंधळ्याच्या हातातली दिवटी आठवा, ती तोंडाजवळ असते. तमाशाच्या फडात पेट्रोमॅक्सच्या बत्त्या टांगलेल्या असत त्या नाचणारणीचं आणि सोंगाड्याचं तोंड दिसावं म्हणून. केरळात कथकली होते तिथे स्टेजच्या पुढे, बरोबर मध्यभागी, तेलाचा मोठा दिवा ठेवतात. डोळ्यांचे आणि भुवयांचे हावभाव दिसले नाहीत तर कथकली कसली? वीज नव्हती, जनरेटर नव्हता, पण उजेड कुणाच्या तोंडावर पाडायचा हे पक्कं माहीत होतं. आता दिवे शंभर पटीने वाढले आणि नेमकं तेवढंच विसरलो.

दणका आणि चेहरा यांचं वैर आहे असंही नाही. कलकत्त्याचे तापस सेन हे आपल्या देशातले नामांकित प्रकाशयोजनाकार. १९५९ साली उत्पल दत्तांच्या 'अंगार' नाटकात कोळशाच्या खाणीत पाणी भरत जातं हे दृश्य त्यांनी प्रकाशाने उभं केलं आणि लोक थक्क झाले. दणका तोही होता! पण तो खाणीत अडकलेल्या माणसांसाठी होता. त्याच वर्षी मुंबईत सुधा करमरकरांनी 'लिटल थिएटर' सुरू केलं आणि रत्नाकर मतकरींचं 'मधुमंजिरी' रंगमंचावर आणलं. मुलांचं नाटक आहे म्हणून काहीही चालेल, ही वृत्ती तिथे नव्हती. आपल्याकडे मात्र पोरांचा कार्यक्रम म्हटला की "चालतं रे, पोरंच आहेत."

आता एक जरा टोचणारं बोलतो.

गॅदरिंगच्या दिवशी वर्गखोलीत मेकअप चालतो. एक बाई पावडरचा डबा घेऊन बसतात आणि रांगेने पोरांची तोंडं पांढरी करत जातात. मान काळी, तोंड पांढरं. का? तर "फोटोत काळी येतात." मी हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की मोजणं सोडलं. एकदा तर एका सावळ्या मुलीला पुढच्या रांगेतून मागे उभं केलेलं पाहिलं. कारण तेच. ती काही बोलली नाही. मागे जाऊन उभी राहिली.

मंडळी, फोटोत काळं येणं हा पोरीच्या रंगाचा दोष नाही. तो उजेडाचा दोष आहे, आणि थोडा फोटोच्या धंद्याच्या इतिहासाचाही. रंगीत फिल्मच्या जमान्यात कोडॅक कंपनी प्रयोगशाळांना रंग जुळवायला एक नमुन्याचा फोटो पाठवायची. त्यावर गोऱ्या बाईचा चेहरा असे. त्याला 'शर्ली कार्ड' म्हणायचे. तिची कातडी नीट आली की रंग बरोबर. सावळी, काळी माणसं त्या हिशेबात नव्हतीच. पुढे त्यात बदल झाले. पण बदलासाठी दबाव आणणाऱ्यांत चॉकलेटवाल्या आणि लाकडी फर्निचरवाल्या कंपन्याही होत्या, कारण त्यांच्या मालाच्या तपकिरी छटा फोटोत नीट येत नव्हत्या! म्हणजे चॉकलेटचा रंग नीट यावा म्हणून तक्रार झाली आणि त्याचा फायदा माणसांना मिळाला.

आपण तर बालाजीच्या गावचे. १८८८ साली सापडलेली आपली शारंगधर बालाजीची मूर्ती काळ्या पाषाणाची आहे. तिच्यासमोर उभं राहिल्यावर कधी वाटलं का, की ही काळी आहे म्हणून दिसत नाही? उजेड नीट पडला की अंगावरचा दागिना अन् दागिना दिसतो. देवाला पावडर लावायची बुद्धी कुणाला झाली नाही. मग लेकरांना का?

आता माझ्या धंद्याकडे येतो, कारण आमचंही घोडं यात पेंड खातंय.

पेपरात गॅदरिंगची बातमी कशी येते? "अध्यक्षस्थानी अमुक, प्रमुख अतिथी तमुक, यांची प्रमुख उपस्थिती." मग बारा नावं. शेवटी एक ओळ, "विद्यार्थ्यांनी विविध कलागुण सादर केले." आणि फोटो समईचा. वाचक आम्हाला शिव्या देतात, लोकप्रतिनिधींचे भाट म्हणतात. काही अंशी खरं आहे, नाकारत नाही. फोटोत नाव-तोंड आलं नाही की फोन येतात, आणि जाहिरातीही तिथूनच येतात. पण दुसरं कारण कुणाला माहीत नसतं. पेपरचा कागद शाई पितो. छापताना ठिपके पसरतात आणि काळोखा फोटो आणखी काळा होतो. त्यामुळे डेस्कवर बसलेला उपसंपादक रात्री अकरा वाजता दोन फोटो समोर ठेवतो, एक लख्ख समईचा आणि एक निळा, हललेला. तो काय निवडेल? मी तिथे असतो तरी समईच निवडली असती.

म्हणजे साखळी बघा. स्टेजवर उजेड पाहुण्यांना, म्हणून फोटो पाहुण्यांचे चांगले, म्हणून पेपरात पाहुणे, म्हणून शाळेच्या फलकावर तेच कात्रण, आणि म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा उजेड पाहुण्यांना. यात पोरगं कुठे आहे? ज्याच्या नावाने वर्गणी काढली, तेच चौकटीबाहेर.

कुणी म्हणेल, आता घरोघरी मोबाइल आहेत, आईबाप काढतात फोटो, पेपरवाल्यांची गरजच काय? ज्यांच्याकडे चांगला मोबाइल आहे ते काढतात, खरंय. पण दृश्य काय असतं? स्टेजसमोर पन्नास पालक उभे, हात वर, मागे बसलेल्या आजीला नातू दिसत नाही. निम्म्यांचा फ्लॅश चालू. मोबाइलचा फ्लॅश चार मीटरवर जेवढा पडतो त्याचा जेमतेम नववा हिस्सा बारा मीटरवर पोचतो. म्हणजे तो उजळतो पुढच्या माणसाचं टक्कल आणि मधला धूर. स्टेजवरच्या पोराला त्याचा उपयोग शून्य, उलट डोळे दिपून पाऊल चुकतं. आणि ज्या घरात साधा बटणांचा फोन आहे त्या पोराचं काय? कष्टकऱ्याच्या लेकराचा स्टेजवरचा फोटो आयुष्यात एक किंवा दोनच निघतात. तो बिघडला की दुसरा नाही.

आणखी एक आक्षेप मला एका शिक्षकमित्राने घेतला. म्हणाला, "अरे, रंगीत लाइट पोरांनाच आवडतात. पांढऱ्या ट्यूबलाइटमध्ये नाचायला त्यांना लग्नाच्या पंगतीत नाचल्यासारखं वाटेल." त्याचं म्हणणं मला पटतं. मी रंग काढून टाका म्हणतच नाही. रंग मागच्या पडद्यावर टाका, जमिनीवर टाका, कडेने टाका. तोंडावर मात्र पांढरा किंवा पिवळसर उजेड राहू द्या. निम्म्यावर असला तरी चालेल, पण असू द्या.

गेल्या दोन हिवाळ्यांत मी काही ठिकाणी हे करून पाहिलं. कार्यक्रमाच्या तासभर आधी जायचं, लाइटिंगवाल्याला चहा पाजायचा, आणि दोन लोखंडी स्टँडवर दोन पांढरे दिवे स्टेजच्या समोर डाव्या-उजव्या कोपऱ्यांतून, माणसाच्या डोक्यापेक्षा बरेच उंच, तिरपे लावायला सांगायचे. बरोबर नाकासमोर नाही, नाहीतर पोरांचे डोळे दिपतात आणि चेहरा भाकरीसारखा सपाट दिसतो. तिरपा उजेड पडला की नाकडोळे उठून दिसतात. खर्च? दिवे त्याच्या गाडीत होतेच. दोन बांबू आणि थोडी वायर लागली. फोटो पाहून तो लाइटिंगवालाच म्हणाला, "सर, हे फोटो मले पाठवा, माह्या कामाची जाहिरात होईन." त्याच्या लाइटिंगचे रंग त्या फोटोंत मागे झकास दिसत होते. आणि पुढे पोरं होती, तोंडासकट.

म्हणून आता हात जोडून चार विनंत्या.

मुख्याध्यापक आणि संस्थाचालकांनो, लाइटिंग ठरवताना कागदावर एक ओळ लिहून घ्या: कार्यक्रम चालू असेपर्यंत समोरचे दोन पांढरे दिवे बंद होणार नाहीत. लेझर तर नकोच. तो किरण थेट आत गेला तर कॅमेऱ्याच्या सेन्सरवर कायमचे डाग पडू शकतात, मग लेकरांच्या डोळ्यांचं काय? धूर पहिल्या गाण्यापुरता पुरे. भाषणं अर्ध्या तासात उरका, म्हणजे पहिली-दुसरीची पोरं थंडीत झोपून जाणार नाहीत. आणि शाळेतर्फे एक फोटोग्राफर नेमा. त्याला यादी द्या, प्रत्येक मुलाचा निदान एक चेहरा दिसणारा फोटो हवा. मागच्या रांगेतल्या झाडाचाही. (नाटकात झाड झालेलं पोरगं घरी जाऊन दोन दिवस झाडाच्याच गोष्टी सांगत असतं.) ते फोटो वर्गाच्या ग्रुपवर पालकांना फुकट द्या, फोन नसेल त्याला एक प्रिंट द्या. फेसबुकवर जाहीर टाकायचे असतील तर आधी पालकांना विचारा. लेकरू त्यांचं आहे.

फोटोग्राफर मित्रांनो, तुम्हाला शिकवायची माझी पात्रता नाही, पण जे ठेचा खाऊन कळलं ते सांगतो. रंगीत तालमीला जा. कुठल्या कडव्याला पोरं उडी मारतात, कुठे थबकतात ते तिथेच कळतं. उडीच्या टोकाला आणि तालाच्या समेवर अंग क्षणभर स्थिर असतं, बटण तिथे दाबा, शटर थोडं मंद असलं तरी निभावतं. कॅमेरा ऑटोवरून काढा, उजेड चेहऱ्यावरून मोजा आणि तो आकडा पक्का करा. पन्नास एमएमची १.८ ची साधी लेन्स महागड्या किटपेक्षा इथे जास्त कामाला येते. रॉ मध्ये काढा. एलईडीखाली फोटोत आडवे पट्टे यायला लागले तर शटर शंभराव्या भागाच्या आसपास आणून पाहा. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात, त्याच्याशी ते जुळतं. फ्लॅश बंद. आणि खाली वाकून स्टेजच्या उंचीवर या, वरून पोरांची डोकीच येतात.

पालकांनो, बसून काढा. फ्लॅश बंद करा, झूम ओढू नका, त्यापेक्षा जागा आधी धरा. पडद्यावर मुलाच्या चेहऱ्यावर बोट दाबून धरा आणि उजेड जरा खाली ओढा. नाइट मोड बंद ठेवा, तो बरेच फोटो एकावर एक रचतो आणि नाचणारं पोरगं दोन-दोन दिसतं. दोन फोटो काढा आणि मग मोबाइल खिशात टाका. तुमचं लेकरू स्टेजवरून तुम्हाला शोधत असतं. त्याला तुमचं तोंड दिसू द्या, मोबाइलची पाठ नको.

चौथी विनंती माझ्या वार्ताहर बांधवांना आणि मला स्वतःला. समईचा एक फोटो पुरे. पोरांचे कार्यक्रम सुरू झाल्यावर उठून जायचं नाही. यंदापासून मी गॅदरिंगच्या बातमीसोबत पहिला फोटो पोरांचाच पाठवणार, समई मागितली तरच देणार. दोन-चार जण नाराज होतील. होऊ देत.

ही पोस्ट लिहिताना तो जुना फोटो पुन्हा उघडून पाहिला. कॉम्प्युटरवर बराच वेळ खटपट केली, उजेड वाढवला, रंग काढला. चेहरा आला नाही. साडीचा काठ मात्र अजून चमकतोय. तो फोटो इथे टाकत नाही, कारण पोरगी कुणाची तरी आहे आणि मी विचारलेलं नाही.

ती आता कॉलेजात असेल. पाचवीत असताना आपण नाटकात आई झालो होतो, हे तिला आठवत असेलच. पण कशी दिसत होते, हे दाखवायला तिच्याजवळ काही नाही. तेवढं आमच्याकडून राहिलं.

या आठवड्यात तुमच्या शाळेचं गॅदरिंग असेल तर ही पोस्ट शाळेच्या ग्रुपवर आणि लाइटिंगवाल्याला नक्की पाठवा. आणि पडदा वर जायच्या आधी एकदा ओरडून सांगा, "भाऊ, पुढचे दोन चालू ठेव!"